ग्रिनिचची भरती

खिशात मावणारा कॉम्प्युटर आमच्या वाडीत सगळ्यात आधी माझ्याकडे आला, ही गोष्ट मी आपणहून कुणाला सांगत नाही. विचारलं तरच सांगतो. मात्र समोरच्याने विचारावं अशी परिस्थिती मी निर्माण करतो.

तो आला दोन हजार सालच्या दिवाळीनंतर. माझा मेहुणा निकेत मालवाहू बोटीवर इंजिनियर आहे. त्याने स्वतःला लॅपटॉप घेतला आणि जुना पामटॉप माझ्या हातात ठेवत म्हणाला, "भावोजी, जुनो आसा, पण एकदम ठणठणीत. तुमच्यासारख्या माणसाकडेच शोभतलो." चष्म्याच्या घरापेक्षा जरा मोठी वस्तू. उघडली की आत पावट्याएवढ्या बटणांचा कीबोर्ड आणि वर राखाडी पडदा. दोन पेन्सिल सेलवर चालायचा. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. सेलवर चालणारी माझी आजवरची मालमत्ता म्हणजे बॅटरी आणि भिंतीवरचं घड्याळ. त्यामुळे शर्टाच्या खिशात कॉम्प्युटर घालून शिक्षकांच्या खोलीत शिरलो तेव्हा मुख्याध्यापकांनीसुद्धा खुर्चीतल्या खुर्चीत पाय खाली घेतले.

आता या यंत्राचा रोजच्या जगण्यात उपयोग करायचा, असं मी ठरवलं. पहिला उपयोग बाजाराच्या यादीचा. यंत्राला मराठी येत नव्हतं, म्हणून यादी इंग्रजी अक्षरांत लिहावी लागे. सुगंधाने, म्हणजे माझ्या पत्नीने, पाव किलो सोडे आणायला सांगितले होते. सुकवलेली कोलंबी. बाजारात उभा राहून मी पडद्यावरचं वाचलं आणि पाव किलो धुण्याचा सोडा घेऊन घरी आलो. सुगंधाने पुडी उघडून शांतपणे विचारलं, "हेचा कालवण करू? तुमका वाढू की तुमच्या कंपुटराक?" माझ्या मते यात यंत्राचा काही दोष नव्हता. दोष होता तो रोमन लिपीचा, आणि ती लिपी मी केलेली नाही.

दुसरा उपयोग गजराचा. या यंत्रात आवाज साठवता यायचा आणि तोच गजर म्हणून लावता यायचा. माझी आई, यमुनाबाई, गेली चाळीस वर्षं मला रोज सकाळी सहाला उठवत आली आहे, तेव्हा तिचाच आवाज भरावा असं माझ्या मनात आलं. यंत्र तिच्यासमोर धरून म्हटलं, "आये, माका उठवताना बोलतंस तसा बोल." ती आधी लाजली. मग तिने जे काही म्हटलं ते एका दमात म्हटलं, आणि ते सगळंच्या सगळं यंत्रात बसलं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. घराबाहेर पडलं ते साकवामुळे.

आमची वाडी समुद्राच्या कडेला, आणि वाडी व रस्ता यांच्या मधे व्हाळ. आमच्याकडे व्हाळ म्हणजे ओढा. पण समुद्र इतका जवळ की भरतीचं पाणी त्यात थेट आत घुसतं. ओहोटीला वाळूवरून चालत जावं, भरतीला कमरेएवढ्या पाण्यातून. शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा, सगळं पलीकडे. डोंगरावरून वळसा घालणारी पायवाट आहे, पण त्या वाटेने गेलेल्या माणसाला एसटी मिळाल्याचं ऐकिवात नाही. मासे विकणाऱ्या बायका डोक्यावर टोपली घेऊन पाण्यातून जात. पुढच्या पावसाळ्यात त्यांतली शेवंती पाय घसरून टोपलीसकट वाहत गेली. लवूने उडी मारून तिला काढली म्हणून बरं. टोपली मिळाली नाही. त्यानंतर वाडीची सभा भरली आणि व्हाळावर साकव, म्हणजे चालत जाण्यापुरता छोटा पूल, मागायचं ठरलं.

लवू हा आमच्या मच्छीमारांचा पुढारी. समुद्रावर बोलायची सवय असल्यामुळे तो जमिनीवरही त्याच आवाजात बोलतो. "सेक्रेटरी यतीन मास्तर!" तो गरजला. "तेंच्याकडे कंपुटर आसा!" दुसरी पात्रता कुणी विचारली नाही, आणि मीही सांगत बसलो नाही.

मग अर्ज सुरू झाले. ओरोसला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, एका ऑफिसात जायचं होतं. कुठलं ते सांगत नाही, अजून तिथे माझी कामं पडायची आहेत. पहिल्या खेपेला नकाशा हवा म्हणाले. दुसऱ्या खेपेला ग्रामपंचायतीचा ठराव हवा म्हणाले. तिसऱ्या खेपेला टेबलावरचे गृहस्थ चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "जागेचा सातबारा जोडलेला नाही."

"पण जागा म्हणजे व्हाळ आहे," मी म्हणालो.

"असेना. कुणाच्या नावावर आहे?"

व्हाळ कुणाच्याच नावावर नाही असं तलाठ्याकडून लिहून आणण्यात शिमगा आला. मग कुणीतरी म्हणालं, हे असं होणार नाही, थेट साहेबांना भेटा. साहेब म्हणजे गव्हाणे. लातूरकडचे अभियंता, नुकतेच बदलून आलेले.

भेटीची वेळ घ्यायला मी बाबलीच्या एसटीडी बूथवर गेलो. इथे यंत्राचा तिसरा उपयोग. ते फोनच्या तोंडाशी धरलं की स्वतःच टूं टूं करून नंबर फिरवायचं. बूथवर चार माणसं होती, म्हणूनच मी बोटाने नंबर फिरवला नाही. यंत्राने टूं टूं केलं. फोनमधून एक बाई हिंदीत म्हणाली की हा नंबर अस्तित्वातच नाही. पुन्हा केलं. पुन्हा तीच बाई. बाबली मीटरच्या पाटीकडे बघून म्हणाला, "मास्तर, नंबराच्या पुढे ह्या शून्य शून्य एक्याण्णव खंयसून इला? भारतातसून भारताक फोन लावतास?"

मी तपासलं. यंत्राच्या मनात आपण अजून लंडनला होतो. निकेतने बोटीच्या शिरस्त्याप्रमाणे त्यात लंडन ठेवलं होतं. मी घड्याळाचे आकडे तेवढे हाताने आपल्या वेळेवर आणले होते. मग काय, चार माणसांसमोर मी लंडन काढून मुंबई घातली. त्यावर यंत्राने इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं. कुणी इतक्या अदबीने विचारलं की 'हो' म्हणावं, असं माझ्यावरचे संस्कार सांगतात. मी 'हो'चं बटण दाबलं. घड्याळ एकदम पुढे पळालं, ते मी बाबलीच्या भिंतीवर बघून परत जागेवर आणलं. झालं काम. नंबर पहिल्या फटक्यात लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ मिळाली.

त्या दिवशी सकाळी सहाला गजर वाजला नाही. मी लक्ष दिलं नाही, कारण आईने स्वतः येऊन उठवलं. मूळ प्रत हजर असताना नकलेची कोण चौकशी करतो?

ओरोसला साहेबांच्या खोलीत मी आणि लवू बसलो. गव्हाणे साहेब माणूस वाईट नव्हता, पण पाण्याच्या बाबतीत त्यांचे विचार वेगळे होते. "कमरेइतकं पाणी?" ते म्हणाले. "गुरुजी, आमच्याकडं गुडघाभर पाणी दिसलं तर लोक हळदीकुंकू घेऊन येतील. आणि तुम्ही त्यावरून जायचं म्हणता!"

मी खाकरलो. मुलींचं शिक्षण, आजारी माणसं, बायकांचे हाल, असं सगळं क्रमाने मांडायला मी तोंड उघडलं आणि माझ्या छातीतून आवाज आला:

"यतीऽऽन! उठ मेल्या! ढुंगणार ऊन इला तरी लोळतंस! तुझ्या बापाशीन असोच जलम घालवल्यान!"

दारातून शिपायाने डोकं आत घातलं. साहेबांनी आधी माझ्याकडे, मग लवूकडे, मग टेबलाखाली पाहिलं.

"कोण आहेत?"

"आई," मी म्हणालो.

"कुठं आहेत?"

"खिशात."

बंद करण्याचं बटण शोधताना माझ्या हातून बहुधा दुसरंच काही दाबलं गेलं, कारण आई पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. या वेळी शिपायाच्या मागे आणखी तीन डोकी आली होती. माझं वय तेव्हा सेहेचाळीस. दहावीच्या पोरांना मी नुसत्या नजरेने गप्प करतो. कान तापून लाल झाले. लवू छताकडे बघत होता आणि त्याचं पोट हलत होतं.

साहेब मात्र हसता हसता डोळे पुसू लागले. "अगदी आमची माय!" ते म्हणाले. "एक अक्षर इकडं तिकडं नाही. पुन्हा लावा हो एकदा." मी पुन्हा लावलं. सबंध ऑफिसने ऐकलं. बापाशीच्या उल्लेखाला दोन कारकुनांनी मान डोलावली. शेवटी साहेब म्हणाले, "गुरुजी, येतो मी जागा बघायला. निदान मातोश्रींच्या पाया पडायला तरी येतोच. तारीख आणि वेळ तुम्हीच सांगा."

गजर भलत्या वेळी वाजला तो माझ्या मुलीने, सलोनीने, यंत्राला हात लावल्यामुळे, असा निष्कर्ष मी एसटीतच काढला. घरी येऊन तिला रीतसर बोललो. ती म्हणाली, "बाबा, मी हात लावूकच नाय." गुन्हेगार असंच म्हणतात. मी गजर परत सहाला लावला आणि विषय मिटवला.

आता तारीख ठरवायची होती. साहेबांना व्हाळ दाखवायचा तर भरलेला दाखवायला हवा. यासाठी यंत्राचा चौथा उपयोग तयारच होता. पूर्वीच बंदरावरून भरतीचं कोष्टक मिळवून दोन महिन्यांच्या वेळा मी त्यात भरून ठेवल्या होत्या. बटण दाबलं. येत्या गुरुवारी सकाळी अकराला भरपूर भरती. लवूला सांगितलं तेव्हा त्याने कान खाजवला. "अकराक? त्या दिसाक?" मग माझ्या हातातल्या यंत्राकडे बघून स्वतःच म्हणाला, "कंपुटरात आसा तर आसतलीच. माकाच चूक लागली आसतली. आता वय झाला माझा." विज्ञानावर अशी श्रद्धा क्वचित बघायला मिळते.

गुरुवारपर्यंत वाडीने मला सल्ले दिले. बाबली म्हणाला, साहेबाला कोंबडीवडे घाला, कागद आपोआप पुढे सरकतो. लवू म्हणाला, बायकांना छातीएवढ्या पाण्यात उभं करायचं आणि साहेब जवळ आला की शेवंतीने घसरून पडायचं. शेवंती म्हणाली, "पडान मी, मास्तरांनू, पण साडी भिजतली ती बरी नेसूची की फाटकी?" यावर सभेत अर्धा तास चर्चा झाली आणि फाटकी ठरली.

गुरुवारी पावणेअकराला मी हार घेऊन रस्त्याच्या बाजूला उभा होतो, आणि व्हाळात एक खेकडा आरामात फिरत होता.

पाणी नव्हतं. म्हणजे मधोमध एक ओहोळ होता, पायपुसण्याएवढा. बाकी वाळू, नुसती कोरडी खडखडीत वाळू. तिच्यावर शेवंती आणि इतर बायका फाटक्या साड्या नेसून, डोक्यावर टोपल्या घेऊन, ठरल्या जागी उभ्या होत्या. मी यंत्र पाहिलं. यंत्र म्हणत होतं, भरती.

"इली काय?" मी हळूच लवूला विचारलं.

"गेली," लवू त्याच्या मानाने हळूच म्हणाला. रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

जीप आली. साहेब उतरले. चकचकीत काळे बूट. त्यांनी हार घेतला, व्हाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चालत पलीकडे गेले. ओहोळ त्यांनी ओलांडलासुद्धा नाही, त्यावर पाय टाकून पुढे गेले. शेवंतीजवळून जाताना तिने तोंडावर पदर धरून मला विचारलं, "मास्तरांनू, आता पडू?"

"पाणी कुठाय, गुरुजी?" पलीकडे पोचल्यावर साहेबांनी विचारलं.

"असतं," मी म्हणालो.

माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं छोटं उत्तर कधी दिलं नव्हतं. साहेब रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ द्या. मातोश्री कुठं आहेत?"

घरी आईने त्यांना ओळखीच्या पोरासारखं पाटावर बसवलं. कोंबडीवडे, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, सोलकढी. साहेब जेवले. "लाजतंस कित्याक? घे मेल्या," आई म्हणाली, आणि आणखी दोन वडे वाढले. इतकं प्रेमाने कुणी मेल्या म्हटलेलं ऐकून साहेबांनी तेही दोन्ही संपवले. मग ते पडवीत जरा टेकले. टेकले ते घोरू लागले. कुणी उठवायचं, यावर एकमत होईना. आम्ही सगळे अंगणात मेल्या माणसाच्या घरी बसावं तसे बसून राहिलो. साकव गेला, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

दुपारी पलीकडून जीपचा हॉर्न वाजू लागला. साहेब दचकून उठले. चारला ओरोसमध्ये त्यांच्या वरच्या साहेबांची बैठक होती. बूट चढवून ते लगबगीने व्हाळावर आले आणि थांबले.

व्हाळ काठोकाठ भरला होता. खेकडा फिरत होता तिथे आता लवूच्या छातीशी येईल इतकं पाणी, आणि ते अजून चढत होतं.

"हे मघाशी नव्हतं," साहेब म्हणाले.

"भरती, सायबानू," लवू म्हणाला.

"रोज येते?"

"दिवसातसून दोनदा."

साहेबांनी अशा नजरेने पाण्याकडे पाहिलं की जणू ते कुणाच्या मंजुरीने आलं याची चौकशी लावणार आहेत.

मी यंत्र काढलं. त्यात होतं, ओहोटी. समोर समुद्र, हातात ओहोटी. मी वेळेतला फरक मनात मांडला आणि पायाखालची वाळू सरकली. साडेपाच तास. दर वर्षी नववीच्या फळ्यावर मी हे वाक्य स्वच्छ अक्षरात लिहितो, खाली रेघ मारतो आणि परीक्षेत हमखास विचारतो: भारताची वेळ ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. बाबलीच्या बूथवर यंत्राने अदबीने विचारलं होतं ते हेच, की शहर बदललंत, तर आतल्या सगळ्या वेळाही तितक्या पुढे सरकवू का? आणि मी 'हो' म्हटलं होतं. आईचा सहाचा गजर साडेअकराला गेला, आणि पहाटे साडेपाचची भरती अकराला. सलोनीची माफी मागायला हवी होती, पण सेक्रेटरीला त्या वेळी दुसरी कामं होती.

सगळ्या होड्या समुद्रात. एक होती ती उलटी घालून तिला डांबर लावलेलं. डोंगराच्या वाटेने गेलं तर बैठक हुकणार. शेवटी लवूने भजनी मंडळाची प्लास्टिकची खुर्ची आणली. तिच्यावर साहेबांना बसवलं आणि लवूसह चार जणांनी ती खांद्यावर घेतली. साहेबांचे बूट शेवंतीने मोजेसकट आपल्या टोपलीत बांगड्यांवर ठेवले आणि टोपली डोक्यावर घेऊन ती पुढे निघाली. मी खुर्चीच्या बाजूने, पाणी बगलेपर्यंत, यंत्र डोक्यावर धरून.

मधोमध धार जोरात होती. खुर्ची डावीकडे कलली. "गुरुजी!" साहेब ओरडले आणि आधाराला त्यांनी हाताशी आलं ते धरलं. हाताशी आली ती माझी कॉलर. मी गेलो खाली. वर आलो तेव्हा हात डोक्यावरच होता, यंत्र मात्र त्यात नव्हतं. कुठे बुडालं तेही दिसलं नाही. एक छोटा बुडबुडा आला, तो बहुधा माझाच.

त्याच क्षणी पुढे शेवंतीचा पाय खरोखरच घसरला. फाटक्या साडीची किंवा सभेच्या ठरावाची काही गरज नव्हती. लवूने एका हाताने खुर्ची तोलत दुसऱ्याने तिचा दंड धरला. ती सावरली. टोपली तिने सोडली नाही. पण साहेबांनी वरून तिचं तोंड पाहिलं होतं, पांढरंफटक पडलेलं. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही रोज अशाच जाता?"

"रोज खंय?" शेवंती धापा टाकत म्हणाली. "पावसात ह्याच्यापेक्षा जास्ती आसता."

साहेबांनी नजर या काठापासून त्या काठापर्यंत नेली. मग एकदम म्हणाले, "थांबा. खुर्ची हलवू नका. जीपमधला टेप आणा." आणि व्हाळाच्या मधोमध, चार माणसांच्या खांद्यावर, अनवाणी पायाने बसून गव्हाणे साहेबांनी दोन्ही बाजूंना टेप धरायला लावला आणि साकवाची लांबी मोजून घेतली. उंची किती हवी हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. चारच्या बैठकीला ते बांगड्याचा वास येणारे बूट घालून गेले. ऐकलं ते असं, की त्या वासामुळेच वरच्या साहेबांनी विषय लवकर संपवून सही केली.

साकव मंजूर झाला. बाबलीने बूथवर बसून गावभर सांगितलं, "मास्तरान कंपुटरात हिशोब घालून सायबाक बरोब्बर वाडीत कोंडल्यान! सुकतीक हाडल्यान, भरतीक अडकवल्यान!" मी पहिल्यांदा नाकारलं, तर लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस. दुसऱ्यांदा नाकारलं, तर म्हणाले, सरकारी प्रकरण आहे, तो उघड कसं बोलणार? तिसऱ्यांदा मी नुसता हसलो. ग्रिनिचसुद्धा इतकं श्रेय सोडणार नाही.

साकव बांधून झाला तेव्हा फार देखणा दिसत होता. दोन माणसं शेजारून जातील एवढी रुंदी, दोन्ही बाजूंना कठडा. पहिला मान एकमताने शेवंतीला दिला. ती टोपली घेऊन निघाली, आम्ही टाळ्या वाजवल्या. मध्यावर जाऊन ती थांबली. समुद्राचा वारा घेतला, खाली पाहिलं, दोन्ही काठांकडे पाहिलं. मग टोपली खाली ठेवून तिथेच बसली.

जागा खरोखर उत्तम होती. वारा, माशा नाहीत, वाडीचं गिऱ्हाईक या बाजूने, एसटीचं त्या बाजूने. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी आणखी दोघी बसल्या. आठवडाभरात या टोकापासून त्या टोकापर्यंत टोपल्या लागल्या आणि साकवावरून जायला जागाच उरली नाही. मी सेक्रेटरी या नात्याने समजावायला गेलो. "मास्तरांनू, वायच बाजूक होवा," मला सांगण्यात आलं, "गिरायकां खोळांबली."

गव्हाणे साहेबांकडे मी मासळी बाजाराच्या शेडचा अर्ज दिला आहे. पाहणीला येतो, जेवायलाच येतो, असा त्यांचा निरोप आहे. काम होणारच. तोवर मी रोज सकाळी चपला हातात घेऊन, विजार वर करून साकवाखालून शाळेत जातो. काल पाणी गुडघ्यापर्यंत होतं. वरून शेवंतीने कठड्यावरून वाकून हाक मारली, "मास्तरांनू! सौंदाळे ताजे आसत, देऊ काय?"

मी पाण्यात उभा राहून पिशवीचं तोंड वर धरलं आणि म्हटलं, "टाक. पण वायच नेम धरून टाक."